एका डोळ्याचे दोन साचे

त्या कारखान्यात एक नियम होता. तो भिंतीवर कुठे लिहिलेला नव्हता, कारण तो विसरायची कुणाची छाती नव्हती. एका डोळ्याचे दोन साचे ठेवायचे नाहीत. नवा साचा नीट उतरला की जुना तिथल्या तिथे लाकडी हातोडीने फोडायचा, आणि दोन्ही टेबलावर असताना जागेवरून उठायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही.

कारखाना हा शब्द तसा मोठाच झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या होत्या त्या. एकीत प्लॅस्टरचं काम चाले, दुसरीत रंगकाम, आणि तिसरीत पॉलिशचं यंत्र आणि संगणक एकमेकांकडे पाठ करून बसलेले. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला, त्यांच्यासाठी इथे डोळे बनत. त्या डोळ्यांनी दिसत काहीच नाही, पण ते बसवल्यावर माणूस पुन्हा चारचौघांत मान वर करून बोलू लागतो. बुबुळं रंगवण्यात ज्याने पन्नास वर्षं घालवली त्या म्हाताऱ्याला सगळे बुबुळकाका म्हणत. त्याला ते नाव आवडत नसे, पण तसं सांगायचा धीर कधी झाला नाही, आणि आता सांगण्यात अर्थ नव्हता.

नियम काकांच्या वडिलांचा. फार पूर्वी टेबलावर एका पेशंटच्या डोळ्याच्या खोबणीचे दोन साचे राहिले, वडील कुणाला तरी भेटायला उठले, आणि परत आल्यावर जुन्या साच्यावरच काम झालं. त्या माणसाने तीन महिने तो डोळा वापरला. आत सगळी सालटी निघाली तरी तक्रार केली नाही. सवय होईल असं वाटलं, एवढंच म्हणाला. त्या दिवशी वडिलांनी हातोडी आणली. काका तेव्हा चौदा वर्षांचे होते. ती हातोडी अजून टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात असे, मूठ घासून घासून काळी झालेली.

दीड वर्षापूर्वी काकांचा उजवा हात थरथरू लागला. थोडासाच, पण बुबुळ रंगवताना थोडासा म्हणजे सगळंच आलं. तेव्हापासून रंगवायचं काम लेकीकडे गेलं आणि काकांकडे कार्डं आली. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असे. त्यावर चांगल्या डोळ्याचा फोटो आणि काकांच्या बारीक अक्षरातली रंगांची नोंद, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे जागा सांगणारी: दोनच्या जागी राखाडी रेघ, नऊच्या जागी मधाळ डाग. अशी अकराशे चाळीस कार्डं काकांनी दोन हिवाळे बसून स्कॅन केली आणि संगणकातल्या एका फोल्डरमध्ये, प्रत्येक पेशंटच्या नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली. ते फोल्डर क्लाउडवर जोडलेलं होतं. इथे ठेवलेलं लेकीच्या लॅपटॉपवर आपोआप दिसे, तिने तिकडे ठेवलेलं इथे. स्कॅन झालेलं प्रत्येक कार्ड काका त्याच संध्याकाळी फाडून टाकत. लेकीला हे फार उशिरा कळलं. तिने कपाळाला हात लावला. काका म्हणाले, एका डोळ्याचे दोन साचे ठेवायचे का? त्यावर ती हसली, आणि विषय तिथेच राहिला.

आता संगणकाची जागा संपली होती. उघडला की लाल पट्टी यायची आणि नवे फोटो वर जायचे नाहीत. म्हणून तळमजल्यावरच्या दुरुस्तीवाल्याने, ज्याला सगळी इमारत वायरमामा म्हणे, गुरुवारी येऊन आत एक दुसरी, मोठी ड्राइव्ह बसवून दिली. फोल्डर तिकडे हलवायचं तेवढं बाकी होतं. लेकीला मात्र शुक्रवारी पहाटेच दुसऱ्या गावच्या इस्पितळात तीन दिवस पेशंट तपासायला जायचं होतं. निघताना ती म्हणाली, फोल्डर मी सोमवारी येऊन हलवते बाबा, तुम्ही त्याला हात लावू नका. हे तिने मायेने सांगितलं आणि तेच काकांना लागलं. रागावून म्हणाली असती तर एवढं लागलं नसतं.

शुक्रवारी सकाळी काकांनी चष्मा पुसला, क्लाउडवाल्यांच्या सूचनांची सात पानं छापून घेतली आणि पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचली. वाचण्यात ते कुणाला हार जात नसत. पहिली सूचना होती, सिंक म्हणजे ही आपोआपची देवाणघेवाण थांबवा. ते बटण काही सापडेना. मग काकांनी विचार केला की नळ बंद होत नसेल तर टाकीचीच तोटी फिरवावी, आणि इंटरनेटची वायर उपसून ठेवली. यावर त्यांना स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

मग त्यांनी फोल्डरची नक्कल नव्या ड्राइव्हवर करायला घेतली. हिरवी पट्टी सरकू लागली. मध्येच एक चौकट आली, अमुक फाइल घेता येत नाही, वगळू का? काकांनी एक वगळली. दुसरी आली. तीही वगळली. मग चौकटीतच लिहिलेलं दिसलं की पुढच्या सगळ्यांसाठी हेच उत्तर चालेल का, आणि काकांनी तिथे बरोबरची खूण केली. एखाददुसरी फाइल खराब असायचीच. पाऊण तासाने पट्टी संपली. नव्या ड्राइव्हवर अकराशे चाळीस नावं ओळीने उभी होती. काकांनी मोजून पाहिली.

तेवढ्यात पॉलिशवाल्या मावशींनी यंत्र बंद केलं आणि शेजारच्या खोलीत डबा उघडता उघडता हाक मारली. मावशी या कारखान्यात एकवीस वर्षं होत्या; काका जेवायला वेळेवर आले नाहीत तर त्यांच्या पोळ्या त्या स्वतःच संपवत, हे त्या लपवतही नसत. काका उठायला गेले आणि थबकले. टेबलावर दोन साचे होते.

म्हणजे, संगणकात. पण फरक काय पडतो? जुनं तिथेच ठेवून जेवायला जायचं आणि परत येऊन भलत्यावरच काम करायचं, हे या टेबलावर एकदा झालं होतं. काकांनी जुनं फोल्डर निवडलं आणि डिलीटचं बटण दाबलं. मग रिसायकल बिन उघडून तीही रिकामी केली, कारण साचा फोडायचा तर पार भुगा करायचा. मग इंटरनेटची वायर जागेवर लावली. एक चौकट आली: खूप फाइल काढल्या आहेत, सगळीकडून काढू का? काकांनी होकार दिला आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या घासाला फोन वाजला. लेक होती.

ती हळू बोलत होती. समोर पेशंट असला की तशी बोले. तिने विचारलं की तिकडे सगळं ठीक आहे ना. तिच्या लॅपटॉपवरचं फोल्डर डोळ्यांदेखत रिकामं होत होतं. नावं एकेक करून जात होती, पानावरच्या मुंग्या जाव्यात तशी, आणि तिला थांबवता येत नव्हतं. समोर टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या. त्यांचा डोळा काकांनीच सदतीस वर्षांपूर्वी केला होता. तो गेल्या आठवड्यात तोंड धुताना निसटून मोरीत गेला. आणि दुसरा, स्वतःचा डोळा वर्षभरात आजाराने पांढुरका झालेला. त्या बाईंचा खरा रंग जगात आता एकाच ठिकाणी होता, काकांच्या कार्डावर. ते कार्ड उघडायला लेक गेली आणि हे सुरू झालं.

"बाबा, तुम्ही काही केलं का?"

काकांच्या तोंडात घास तसाच होता. तो त्यांनी कसाबसा गिळला.

"नाही," ते म्हणाले. "मी कशाला काही करू?"

हे वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नाही. गरम भांड्यावरून हात जसा आपोआप मागे येतो तसं ते आलं. लेक म्हणाली की म्हणजे कुणीतरी बाहेरून आत शिरलंय. ती वायरमामाला वर पाठवत होती. त्याने येऊन मशीन पार पुसून टाकावं, दोन्ही ड्राइव्हसकट, म्हणजे चोराला आणखी काही मिळायला नको. ती स्वतः तिथून क्लाउडचं खातंच बंद करून टाकणार होती. आणि पुढचं ती आणखी हळू बोलली: बाई घाबरल्यात, विचारतायत की माझा डोळा आता कोण बघत बसला असेल.

फोन ठेवला गेला. मावशी डब्याकडे पाहत होत्या. त्यांनी सकाळपासून सगळं पाहिलं होतं, वायर उपसताना, पुन्हा लावताना. त्यांनी काकांच्या उरलेल्या पोळ्यांना हात लावला नाही, आणि एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

काका संगणकापाशी आले. पण सगळं काही गेलं नव्हतं. नव्या ड्राइव्हवर नक्कल होती ना. त्यांनी टपालवाल्या बाईंचं नाव शोधलं. सापडलं. जीव भांड्यात पडला. त्यांनी ते उघडलं.

आत काहीच नव्हतं. रिकामी खोली. शेजारचं नाव उघडलं, तेही रिकामं. गेल्या दोन वर्षांचे पेशंट तेवढे शाबूत होते, त्याआधीच्या प्रत्येक नावाच्या पोटात नुसती हवा. काकांना आता आठवलं की जुन्या फोल्डरमध्ये या नावांसमोर एक बारकं ढगाचं चित्र असायचं. ते शोभेसाठी असेल असं ते धरून चालले होते. हळूहळू उलगडा झाला आणि उलगडा होऊ नये असं वाटत राहिलं. जागा कमी पडते म्हणून जुन्या फाइल फक्त वर राहत होत्या, इथे नुसतं नाव. त्या खाली आणायला इंटरनेट लागतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने उपसलं होतं. हजारभर चौकटींना त्यांनी एकाच खुणेने वगळा म्हणून सांगितलं. आणि मग वरचंही फोडलं.

भिंतीला लागून काचेचं कपाट होतं, त्यात रंग न दिलेले पांढरे डोळे खणाखणांत मांडलेले. पन्नास वर्षांत काकांना त्यांची भीती वाटली नव्हती. आज त्यांनी तिकडे पाहायचं टाळलं.

कार्डं फाडली होती. कागद नाही, साचा नाही, वर काही नाही. अकराशे चाळीस माणसं. त्यातली कित्येक आता म्हातारी, कित्येकांचा दुसराही डोळा बदललेला. काकांनी टपालवाल्या बाईंचं बुबुळ आठवायचा प्रयत्न केला. तपकिरी, हे नक्की. कडेला शेवाळी झाक. एक पिवळा ठिपका होता, पण तो पाचच्या जागी की सातच्या? त्यांनी डोळे मिटले. ठिपका घड्याळभर फिरू लागला.

जिन्यात धापा ऐकू आल्या. लिफ्ट बंद होती आणि वायरमामा वजनदार माणूस. दारातच तो म्हणाला, काका, पुढच्या वेळी चोर आला तर त्याला तळमजल्यावरच थांबवा. मग खुर्चीत बसला, खिशातून पेन ड्राइव्ह काढून लावला आणि कामाला लागला. काका त्याच्या मागे उभे राहिले. सांगायचं वाक्य त्यांनी मनात तीनदा जुळवलं. पहिल्या वेळी ते फार लांब झालं. दुसऱ्या वेळी त्यात वायरीचं कौतुक आलं. तिसऱ्या वेळी त्यात वडिलांचा नियम आला. पडद्यावर दोन्ही ड्राइव्हची नावं आली, त्यांच्यासमोर खुणा झाल्या, आणि खाली विचारणा आली की हे पुसलं तर परत मिळणार नाही. वायरमामाने बोट उचललं.

"थांब," काका म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना तो पुन्हा काढावा लागला. "थांब. चोर नाहीये. मीच आहे."

वायरमामाने बोट तसंच हवेत ठेवून मान वळवली. काकांनी सगळं सांगितलं: वायर, वगळलेल्या चौकटी, हातोडीचा नियम, रिकामी केलेली बिन, शेवटचा होकार. वायरमामा ऐकत राहिला. मग त्याने पेन ड्राइव्ह उपसून खिशात घातला आणि म्हणाला की हे फोनवर सांगितलं असतं तर माझे तीन मजले वाचले असते.

हसला नाही तो, ही त्याची भलाई. त्याने समजावलं की काकांनी इथली बिन रिकामी केली, पण वर क्लाउडवाल्यांची स्वतःची एक बिन असते आणि त्यात काढलेलं सगळं महिनाभर पडून राहतं. तिथून ते परत आणता येतं. फक्त खातं लेकीच्या नावावर होतं, ते तिनेच उघडायला हवं. आणि एक गोष्ट वाईट होती. ती खातं बंद करायला निघाली होती. खातं गेलं की ती बिनही गेली.

तिला फोन लावता लावता वायरमामा सहज बोलून गेला. मी तिला सांगतो की हल्ला होता आणि आपण तो परतवला, म्हातारपणी तुमची शोभा कशाला करायची. कुणाला कळणार नाही.

पलीकडे मावशींनी पॉलिशचं यंत्र चालू करायला हात नेला होता, तो तसाच राहिला.

काकांना ते फार हवंसं वाटलं. इतकं की क्षणभर त्यांनी तसंच झालं असं धरूनही टाकलं: लेक सोमवारी येईल, हल्ल्याची गोष्ट सांगेल, आपण मान डोलवू. मग त्यांना टपालवाल्या बाई दिसल्या. दूरच्या गावात एका खुर्चीत बसलेल्या, कुणी परका आपला डोळा बघतोय या भीतीने अंग चोरून. ती भीती त्यांची नव्हतीच. ती काकांची होती. फोनवरून त्यांनी ती दोघींना वाटून टाकली होती आणि स्वतः जेवायला बसले होते.

त्यांनी हात पुढे केला. वायरमामाने फोन दिला.

लेकीने उचलला आणि लगेच सांगू लागली की खातं बंद करायच्या पानावर ती आलीच आहे, पासवर्ड घालतेय.

"घालू नकोस," काका म्हणाले. "मी केलंय ते. फोल्डर हलवत होतो. जुना साचा फोडला."

पलीकडे इस्पितळातली कसली तरी गाडी खडखडत गेली.

"मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"घाबरलो."

"कुणाला? मला?"

खोटं एकदा सांगून झालं होतं.

"हो," ते म्हणाले. "आता कार्डंही काढून घेशील असं वाटलं."

ती म्हणाली एवढंच की फोन वायरमामाला द्या. मग बराच वेळ वायरमामा सांगत होता आणि ती करत होती. कुठे दाब, कोणती खूण, सगळं निवड, परत आण. मध्ये एकदा तिच्या फोनवर आकडे आले, ते तिने घातले. काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. पडद्यावर जुन्या जागी जुन्याच नावाचं फोल्डर उगवलं. रिकामं. मग त्यात एक नाव आलं. बऱ्याच वेळाने दुसरं. मग पाच एकदम. काका प्रत्येक नाव ओठांत वाचत होते. आपण वाचलं नाही तर ते येणार नाही असं त्यांना वाटत होतं. चारशेवर येऊन थांबलं. वायरमामा म्हणाला, दम खातंय. ती दहा मिनिटं काकांना दहा वर्षांसारखी गेली. मावशींनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला आणून ठेवला आणि तो तसाच राहिला.

टपालवाल्या बाईंचं नाव नऊशेनंतर आलं. आधी ते लेकीला तिकडे दिसलं, मग काकांना इकडे. समोर ढगाचं चित्र होतं. काकांनी ते उघडलं आणि या वेळी चित्र खाली उतरायची वाट पाहिली. सदतीस वर्षांपूर्वीचा तपकिरी डोळा पडद्यावर आला आणि खाली त्यांचंच अक्षर, न थरथरणारं. ठिपका आठच्या जागी होता. पाचच्याही नाही आणि सातच्याही नाही.

फोन अजून चालू होता. लेक बाईंना त्या डोळ्याचा रंग समजावून सांगत होती. मग एक म्हातारा आवाज जवळ आला आणि म्हणाला की मीच होते हो ती, मला वाटलं होतं की मी जास्त काळ्या डोळ्यांची होते. काका नुसतं हो म्हणाले.

शेवटी लेक पुन्हा फोनवर आली. तिचा आवाज थकलेला होता आणि त्यात माफी नव्हती, पण रागही फारसा उरला नव्हता. तिने सांगितलं की कार्डं तुमच्याकडेच राहणार आहेत, कारण ते अक्षर दुसऱ्या कुणाला नीट लागत नाही. पण जुन्या ड्राइव्हवर परत आलेलं फोल्डर आणि नव्यावरची ती अर्धी नक्कल, दोन्ही जशी आहेत तशी सोमवारपर्यंत राहू द्यायची. काही पुसायचं नाही, काही हलवायचं नाही. काकांनी विचारलं, दोन्ही? ती म्हणाली, दोन्ही बाबा. आणि यापुढे कायमचीच दोन, कळलं का?

वायरमामा जिन्याने खाली गेला. मावशी यंत्राकडे निघाल्या. जाता जाता त्यांनी डाव्या कोपऱ्यातली हातोडी उचलली आणि आपल्या पॉलिशच्या कपड्यांखाली ठेवली, आणि काकांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

डबा अजून उघडाच होता. काका संगणकापासून निघाले. पडद्यावर दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडी होती, एक भरलेलं आणि एक नुसत्या नावांचं. दारापर्यंत ते गेले आणि मागे आले. दोन्ही तिथेच होती. पुन्हा दारापर्यंत गेले. छातीत धडधडत होतं, चौदाव्या वर्षी वडिलांसमोर उभं राहताना धडधडायचं तसं. मग ते बाहेर पडले, ताटापाशी बसले, आणि दाराकडे तोंड करून गार झालेली पोळी हळूहळू खाऊ लागले.